सोळा पिक्सेल रुंदीची गाडी

१६ पिक्सेल रुंद, ३२ पिक्सेल लांब. मोबाइलवरच्या एका छोट्या ड्रायव्हिंग गेमसाठी मी गाड्या काढते, आणि एका गाडीच्या वाट्याला जागा येते ती एवढीच. म्हणजे ५१२ चौकोन. त्यातले कडेचे सावलीला आणि आरशांना दिले की गाडीच्या अंगाला उरतात जेमतेम १२ गुणिले २८. एवढ्यात टप, पुढची काच, मागची काच, बॉनेट, डिकी, दिवे आणि जमलंच तर गाडीचा स्वभाव. स्वभाव खरंच मावतो. पुढची काच एक ओळ खाली सरकवली की बॉनेट लांबतं आणि गाडी तिरसट दिसायला लागते. तीच काच दोन ओळी वर नेली की त्याच रंगाची गाडी एकदम गरीब, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली वाटते.

पिक्सेल आर्ट, म्हणजे असे एकेक चौकोन भरून काढलेलं चित्र, म्हटलं की समोरच्याला बहुतेक वेळा दोनच गोष्टी सुचतात: सोपं काम, नाहीतर जुन्या दिवसांची आठवण. जुन्या दिवसांत मला फारसा रस नाही. मला ओढ आहे ती या कामाच्या मुळाशी असलेल्या एका भांडणाची. पिक्सेल जात्याच बसका. त्याची जागा ठरलेली. तो अर्धा सरकत नाही, तिरका होत नाही. आणि गाडीचं तर सगळं अस्तित्वच सरकण्यात आणि तिरकं होण्यात. नुसतं झाड काढा, किल्ला काढा, उभा माणूस काढा, काही अडत नाही. गाडी काढून ती चालवायला घेतली की पहिल्याच वळणावर दोघांचं वाजतं. माझं काम म्हणजे या दोघांमध्ये तडजोड घडवत बसणं, आणि ती तडजोड खेळणाऱ्याच्या लक्षात येऊ न देणं.

भांडण जुनंच आहे. १९७६ साली अटारीने ‘नाइट ड्रायव्हर’ नावाचा आर्केड गेम काढला. पडदा काळा आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे आयत. लांबचे आयत लहान, जवळ येता येता ते मोठे होतात आणि बाजूने निघून जातात. बस्स, एवढंच. पण हेडलाइटच्या उजेडात चमकणारे रस्त्याकडेचे खांब म्हणून डोळा ते लगेच मान्य करतो. गंमत अशी की खेळणाऱ्याची गाडी त्या यंत्राने काढलेलीच नव्हती. पडद्याला जोडलेला तो एक छापील प्लॅस्टिकचा तुकडा होता. गाडी हलत नाही, रस्ता हलतो, हे त्या मंडळींनी इतक्या सरळपणे मान्य करून टाकलं होतं की मला त्यांचा हेवा वाटतो. पुढे १९८२मध्ये नामकोच्या ‘पोल पोझिशन’ने रंगीत रस्ता आणला आणि गाडी पाठीमागून दाखवली. १९८६मध्ये सेगाच्या ‘आउट रन’ने झाडं, फलक, इतर गाड्या यांची चित्रं हार्डवेअरच्या जोरावर भराभर मोठी करत खेळणाऱ्याच्या अंगावर आणली.

पाठीमागून दिसणाऱ्या गाडीचा एक मोठा फायदा असतो. ती फार वळत नाही. सरळ, थोडी कललेली, जास्त कललेली अशी मोजकी चित्रं काढायची आणि दुसऱ्या बाजूसाठी तीच आरशातल्यासारखी उलटवायची. आम्ही मात्र वरून दिसणारी गाडी घेतली, कारण आमचा गेम फोन उभा धरून एका हाताने खेळायचा आहे आणि उभ्या पडद्यावर रस्ता वरून खाली वाहत आला की पुढचं जास्तीत जास्त दिसतं. या निर्णयाची किंमत चित्रकाराने मोजायची असते, हे निर्णय घेताना कुणी बोललं नाही.

त्या किमतीआधी थोडं पडद्याच्या मापाबद्दल. पिक्सेल आर्ट मोठं करायचं ते पूर्णांकानेच: दुप्पट, चौपट, सहापट. साडेसहापट केलं की काही चौकोन फोनच्या पडद्यावरच्या सहा ठिपक्यांचे होतात, काही सातचे, आणि सरळ काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसते. आम्ही मूळ पट १८० पिक्सेल रुंद धरला, कारण ७२०, १०८० आणि १४४० या फोनच्या नेहमीच्या रुंदींना १८० ने नि:शेष भाग जातो. १०८० बाय २४०० च्या फोनवर सहापट केलं की १८० बाय ४०० अचूक बसतं. पण सगळे फोन असे शहाणे नसतात. ११७० रुंदीचे आहेत, ८२८ चे आहेत. तिथे गुणक पूर्णांकच ठेवायचा आणि रुंदीला सैल सोडायचं: ११७० भागिले ६ म्हणजे १९५ पिक्सेल, ८२८ भागिले ४ म्हणजे २०७. त्या फोनवाल्यांना कडेचं गवत थोडं जास्त दिसतं. रस्ता सगळ्यांना सारखाच दिसतो, म्हणजे जास्तीच्या पटाचा फायदा कुणाला मिळत नाही.

आणि एका पडद्यावर चौकोनांचं माप एकच हवं. मोठ्या चौकोनांची गाडी, तिच्या मागे बारीक गुळगुळीत धूर आणि वर झोकदार फॉन्टमध्ये स्कोअर, असे गेम मी पाहते तेव्हा मला ते अर्धवट शिजलेले वाटतात. यावर लोक हुज्जत घालतात. घालू देत.

आता वळण. गेमचा कोड लिहिणारा माझा मित्र सुरुवातीला म्हणाला, “अगं, तू एकच चित्र दे. फिरवायचं मी बघतो, एका ओळीचं काम आहे.” ते खरंच एका ओळीचं काम आहे. त्याने फिरवून दाखवलं. ९० अंशांत गाडी उत्तम, ४५ मध्ये बरी, आणि मधल्या प्रत्येक कोनात करवतीने कापल्यासारखी. दोन पिक्सेल जाडीची काच मध्येच तुटते, चाकं कधी तीन दिसतात कधी पाच, आणि सलग फिरवलं तर गाडीच्या कडा मुंग्या लागल्यासारख्या वळवळतात. यावर रोटस्प्राइट नावाची एक चांगली युक्ती आहे, एस्प्राइटसारख्या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मिळते. चित्र आधी कडा सांभाळत बरंच मोठं करायचं, मोठं असतानाच फिरवायचं आणि मग परत लहान करायचं. मोठ्या चित्राला ती छान लागू पडते. १६ पिक्सेलच्या गाडीला ती फक्त कच्चा आराखडा देते, पुढचं हाताने.

हाताने म्हणजे दिशा ठरवून प्रत्येक दिशेची गाडी वेगळी काढायची. १६ दिशा धरल्या. ३६० भागिले १६ म्हणजे साडेबावीस अंशांची एक पायरी. पण साडेबावीस अंशांची रेघ चौकोनांवर सरळ येतच नाही. तिच्या पायऱ्या कधी दोन चौकोनांच्या, कधी तीनच्या, आणि त्या अनियमितपणाला डोळा लगेच अडखळतो. चौकोनांवर सगळ्यात स्वच्छ उतरतात त्या मोजक्याच रेघा: आडवी, उभी, एकास-एक पायरीची ४५ अंशांची, आणि दोनास-एक पायरीची. ही शेवटची रेघ साडेबावीसची नसते, साधारण साडेसव्वीस अंशांची असते. म्हणून आमची गाडी शून्यावरून एकदम साडेसव्वीसला जाते, मग ४५, मग साडेत्रेसष्ट, मग ९०. दिशा १६च, पण पायऱ्या लहान-मोठ्या. आत, गणितात, गाडी तिच्या खऱ्या कोनातच पळत असते. पडद्यावर त्या कोनाच्या सगळ्यात जवळचं चित्र लावायचं. कोणता कोन कुणाच्या जवळचा, याच्या सीमारेषा अर्थात समान अंतरावर ठेवून चालत नाही, त्या नव्या पायऱ्यांच्या मधोमध सरकवाव्या लागतात. हे केल्यावर गाडी वळताना इतकी नैसर्गिक वाटायला लागली की मित्राने विचारलं, फिजिक्समध्ये, म्हणजे गाडीच्या हालचालीच्या गणितात, कुणी हात घातला का.

लांबीचाही एक डाव असतो. सरळ उभी असताना २८ पिक्सेल लांब असलेली गाडी कर्णावर २८ पायऱ्या काढली तर ती ट्रकएवढी दिसते, कारण चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा. २८ भागिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २० पायऱ्या. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय असं गाडीच्या बंपरवर भेटतं.

१६ दिशांपैकी खरोखर काढायची चित्रं नऊच. उजवीकडे वळलेल्या सातही गाड्या डावीकडच्या उलटवून मिळतात, पण उजेड आडवा येत नसेल तरच. चित्रकलेच्या सवयीने आपण उजेड डावीकडून, वरच्या कोपऱ्यातून घेतो. तशा उजेडातली गाडी उलटवली की सूर्य दुसऱ्या बाजूला जातो. खेळणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण वळणावर गाडी क्षणभर रंग बदलल्यासारखी चमकते. मी सूर्यच हलवला. आमच्या जगात तो पडद्याच्या वरच्या काठावर, बरोबर मधोमध असतो. टप आणि गाडीची वरची कड उजळ, सावली सरळ खाली. डावं-उजवं सारखं झालं आणि प्रत्येक गाडीमागे सात चित्रं वाचली. (उलटवलेल्या गाडीत ड्रायव्हरही सीट बदलतो. खिडकीतून बाहेर आलेला कोपर काढायचा मोह मला फार होता. तो सोडावा लागला.)

एवढं सगळं गाडीचं. वेग मात्र गाडीत नसतोच, तो रस्त्यात असतो, नाइट ड्रायव्हरच्या वेळेपासून. कोऱ्या करड्या पट्टीवरून गाडी कितीही पळवा, ती उभीच दिसते. म्हणून मधले तुटक पट्टे, भेगा, डागडुजीचे गडद चौकोन, तेलाचे डाग. इथे हात आवरावा लागतो. रस्ता ज्या सारख्या चौकोनी तुकड्यांनी जोडून बनतो, त्या १६ बाय १६च्या एका टाइलमध्ये एखादा देखणा डाग काढला आणि ती टाइल रस्ताभर लावली की वेगात तो डाग शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसतो. त्यामुळे रस्त्याच्या बहुतेक टाइल जवळपास कोऱ्या, आणि अधूनमधून, अनियमित अंतरावर, एखादीच वेगळी. सुट्या टाइलकडे पाहून कुणी “वा” म्हणणार नाही. त्यांनी म्हणूही नये.

तुटक पट्ट्यांचा मामला अधिक नाजूक. आठ पिक्सेलचा पट्टा, सोळाचं अंतर, म्हणजे २४ पिक्सेलांनी तोच नमुना पुन्हा. आमचा गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. एका फ्रेममध्ये रस्ता १२ पिक्सेल सरकला, तर पट्टा नमुन्याच्या बरोबर अर्ध्यावर येतो, आणि तो पुढे गेला की मागे आला हे डोळ्याला कळायला मार्गच उरत नाही. त्याहून वेग वाढला की पट्टे उलटे धावू लागतात. २४ वर पोहोचला की जागीच थबकतात. सिनेमात धावत्या गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्याचंच हे भावंड. १२ पिक्सेल गुणिले ६० म्हणजे सेकंदाला ७२० पिक्सेल. हा वेग अशक्य नाही, आमच्या गेममध्ये चौथ्या पातळीवरच तो येतो. उपाय चित्रातच होता: वेग वाढला की पट्टे आणि अंतरं दोन्ही लांब होत जातात, २४ चे ४८, मग ९६. प्रत्यक्षातही रस्त्यावर रंगवलेली अक्षरं आणि बाण लांबट ताणलेले असतात, कारण ते धावत्या गाडीतून, तिरक्या नजरेने वाचायचे असतात.

मंद वेगाची तऱ्हा उलटी. गाडी फ्रेमला अर्धा पिक्सेल सरकते, पण अर्धा पिक्सेल नावाची गोष्ट नाही, मग आकडा पूर्णांकात आणायचा. कॅमेऱ्याची, म्हणजे आपण जगाकडे जिथून पाहतो त्या चौकटीची, जागा वेगळी पूर्णांकात आणली, शेजारच्या गाडीची वेगळी, की दोघींच्या उड्या वेगवेगळ्या वेळी पडतात आणि आपल्याच वेगाने शेजारून चाललेली गाडी थंडी वाजल्यासारखी कापायला लागते. आधी दोन्हींमधला फरक काढायचा आणि तो एकदाच पूर्णांकात आणायचा, मग ती शांत होते. यापुढे जाऊन आम्ही जग फोनच्या खऱ्या ठिपक्यांनी सरकवतो, म्हणजे आमच्या एका चौकोनाच्या सहाव्या हिश्श्यानेसुद्धा. कट्टर पिक्सेलवाल्यांना हे पाप वाटतं. चित्र फिरवण्यात चौकोन मोडतो म्हणून मी त्याला ठाम विरोध केला; सरकवण्यात चौकोन चौकोनच राहतो, आणि गाडी चालवण्याच्या गेममध्ये रस्ता अडखळत वाहिला तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

मला या कामात सगळ्यात जास्त शिकवलं ते एका हिशोबाने. खेळणाऱ्याची गाडी पडद्याच्या खालच्या भागात असते, अंगठ्याने झाकली जाणार नाही इतकी वर. तिच्यापुढे रस्ता उरतो २८० पिक्सेलांच्या आसपास. सेकंदाला ७२० च्या वेगाने तो संपायला ०.३९ सेकंद. माणसाला काही दिसून बोट हलायलाच साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे रस्त्यातला अडथळा ओळखून निर्णय घ्यायला राहिला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा. एवढ्या वेळात कुणी गाडीचं चित्र पाहत नाही. वरच्या काठातून तिच्या ज्या पहिल्या चार ओळी डोकावतात, तेवढ्याच वाचल्या जातात. आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाडीच्या त्या चार ओळी म्हणजे तिचा मागचा बंपर. समोरून येणारीच्या म्हणजे तिचं तोंड. मी टप, काच, आरसे यांवर जीव ओवाळत होते आणि खेळाचा निकाल लागत होता बंपरवर.

तेव्हापासून गाडी काढायची सुरुवात मी खालून करते. आपल्या दिशेने जाणारी असेल तर तळाला दोन लाल ठिपके, प्रत्येकी दोन पिक्सेल रुंद, आणि मध्ये गडद पट्टी. समोरून येणारी असेल तर दोन फिकट पिवळे, आणि त्यांच्या पुढे रस्त्यावर उजेडाची एक ओळ, जी गाडी दिसायच्या आधीच पडद्यावर येते. ट्रक असेल तर दिवे दोन्ही टोकांना लांब, अंग पूर्ण १६ रुंद. खरं तर वरून पाहताना गाडीचे मागचे दिवे दिसायलाच नकोत, टप तेवढा दिसावा. पण कॅमेरा किंचित मागे कलला आहे असं मानून बंपर दाखवायचा, आणि बाकी रस्ता मात्र सपाट वरूनच. दोन दृष्टिकोनांची ही भेसळ उघड उघड खोटी आहे. ती कुणाला कधी खटकली नाही.

रंगांचंही गणित याच चार ओळींनी ठरवलं. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या गेमयंत्रावर एका स्प्राइटला, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या सुट्या चित्राला, पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत, आणि ती अट आजही मी मनाने पाळते: अंगाची मुख्य छटा, तिची गडद, तिची उजळ. दिवे आणि काच सगळ्या गाड्यांना सामाईक. अंगाचे तीन रंग बदलले की त्याच चित्रातून पांढरी, निळी, पिवळी गाडी तयार. लाल मात्र वाहतुकीतल्या कुठल्याच गाडीला दिला नाही. तो टेललाइटसाठी राखून ठेवला. शिवाय रंग उतरवून, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात सगळं पुन्हा पाहायचं. लाल आणि हिरवा यांची उजळपणाची पातळी सारखी असेल तर रंगांधळ्या खेळणाऱ्याला दोन्ही एकच, आणि भर उन्हात फोन धरलेल्या माणसाची अवस्थाही फार वेगळी नसते.

दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे पेरून तिसरी छटा भासवण्याची जुनी पद्धत, म्हणजे डिदरिंग, मला फार आवडते. जुन्या टीव्हींच्या अंधुक चित्रात ते ठिपके खरोखर एकमेकांत विरघळत. १९९१च्या ‘सॉनिक’ या गेममधला धबधबा साध्या केबलने टीव्हीला जोडलेल्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्रावर त्यामुळे पारदर्शक दिसायचा. आजच्या फोनचा पडदा काहीच विरघळवत नाही, आणि रस्ता धावू लागला की ते ठिपके नुसते चमचमतात. म्हणून धावणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर डिदरिंग नाही. ते उरलंय फक्त सुरुवातीच्या पानावरच्या आकाशात, जिथे काही हलत नाही.

तयार चित्रं एका मोठ्या पानावर एकत्र बांधून गेमला द्यायची असतात. तिथे दोन चित्रांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची आणि टाइलच्या कडेची ओळ तिच्या बाहेर एकदा पुन्हा उमटवायची, नाहीतर शेजारच्या चित्राचा रंग कडेने झिरपून रस्त्यावर बारीक रेघा दिसतात. पान दाबून लहान करायच्या नेहमीच्या पद्धतीही इथे बंद, कारण त्या चार बाय चारसारख्या तुकड्यांत रंग सरासरीला आणतात, आणि आमचा अख्खा टेललाइटच दोन पिक्सेलचा. १०२४ बाय १०२४ चं पान न दाबता मेमरीत ४ एमबी घेतं. परवडतं.

सध्या हातात आहे ते अ‍ॅपचं आयकॉन. गूगल प्लेला ते ५१२ बाय ५१२ लागतं, अ‍ॅपलला १०२४ बाय १०२४. दोन्हींना ३२ ने भाग जातो, म्हणून मी ३२ बाय ३२ वर काढते. एकाला सोळापट, दुसऱ्याला बत्तीसपट. १९८४च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आयकॉन काढले ते याच मापात, आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून. गेममधली गाडी इथे तशीच ठेवून पाहिली तर ती औषधाच्या गोळीसारखी दिसते, कारण आयकॉन स्थिर असतो आणि वरून दिसणारी गाडी धावल्याशिवाय गाडी वाटत नाही. तेव्हा इथे गाडी कोनातून, पाठमोरी, नव्याने काढायला घेतली आहे. फोन आयकॉनचे कोपरे गोल कापतो, त्यामुळे डाव्या कोपऱ्यातलं चाक दोन पिक्सेल आत घ्यावं लागेल. मित्र म्हणतो, गाडी लाल कर, दुकानात उठून दिसेल. लाल राखीव आहे, असं मी त्याला सांगितलंय. तो अजून विचार करतोय.